मोठ्या कासवाचा वाडा : आधी भिंत, मग कासव

मार्च २०२४मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातलं 'चाणक्य' हे गॅलापागोसचं महाकाय कासव वारलं. त्याचं वय सव्वाशे वर्षांच्या घरात मानलं जात होतं. १९६३ साली ते शहरातल्या बाग-ए-आम या जुन्या बागेतून प्राणिसंग्रहालयात आलं होतं. नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीतली ही बाग. कासवाने राजवट बदलताना पाहिली, बाग सोडली आणि त्यानंतरही साठ वर्षं काढली. मोठं कासव पाळण्याचा विचार मनात येणाऱ्याने हा काळाचा हिशेब सगळ्यात आधी मांडायला हवा.

हौशी बाजारात आज जे मोठं कासव सर्वाधिक दिसतं ते आफ्रिकेतलं सल्काटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या कोरड्या साहेल पट्ट्यातलं हे जनावर. अंड्यातून निघालेलं पिल्लू तळहातावर आरामात मावतं आणि विकणारा ते काचेच्या पेटीतच दाखवतो. दहा-पंधरा वर्षांत त्याच पिल्लाचं वजन तीस-चाळीस किलोंवर जातं, काही नर त्याहून कितीतरी जड होतात. मुख्य भूमीवर राहणाऱ्या कासवांमध्ये ही जात सगळ्यात मोठी. त्याहून मोठी कासवं अल्डाब्रा आणि गॅलापागोस या बेटांवरची. सल्काटा सत्तर वर्षांहून जास्त जगू शकतं. बाल्कनीत, टेरेसवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात एवढं जनावर सुखाने राहू शकत नाही. त्याला उघड्यावरची जमीन लागते, आणि ती जमीन पक्की बंदिस्त असावी लागते.

नांदेड-लातूरकडे घरामागे मोकळा प्लॉट असतो, गावाकडे शेतात आखाडा असतो. जागेची अडचण मुंबई-पुण्याइतकी नाही. अडचण काळ्या मातीची, मे महिन्याच्या उन्हाची आणि मोकाट कुत्र्यांची आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

कागद आधी

विटा मागवण्यापूर्वी कायदा पाहावा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असलेलं स्टार कासव, किंवा गोदावरीच्या पात्रात आणि तळ्यांत आढळणारं पाणकासव, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू आहे. त्यानुसार ही दोन्ही कासवं पहिल्या अनुसूचीत येतात. शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची, सात वर्षांपर्यंत वाढू शकणारी, आणि वर किमान पंचवीस हजार रुपये दंड. घरात कासव असलं की बरकत येते, या समजुतीपोटी स्टार कासवांची सर्रास लूट झाली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या एकाच व्यापारी पट्ट्यातून वर्षाला किमान पंचावन्न हजार स्टार कासवं पकडली जात असल्याचं दिसलं. २०१९मध्ये या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळजवळ पूर्ण बंद झाला.

सल्काटा आणि अल्डाब्रा या परदेशी जाती आहेत. त्यांचा समावेश 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे भारतात त्यांची नोंदणी सक्तीची आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पिल्लं झाली, कासव मेलं किंवा दुसऱ्याला दिलं, तरी तेही कळवावं लागतं. विकणारा आयातीचा किंवा वैध पैदाशीचा कागद देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. 'कागद नंतर पाठवतो' असं म्हणणाऱ्याचं कासव घेऊ नये.

जागा किती आणि कुठे

पूर्ण वाढलेल्या एका सल्काटासाठी निदान अर्धा गुंठा, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट, मोकळी जागा धरावी. एक गुंठा मिळाला तर उत्तम. पिल्लू लहान आहे म्हणून कुंपण लहान, असा हिशेब केला की दर दोन-तीन वर्षांनी भिंत पाडावी लागते. नर एकच असावा. दोन नर एकत्र ठेवले की ते एकमेकांना धडका देतात, उलटे पाडतात आणि कमजोर नर चारा सोडतो.

जागा निवडताना जून ते सप्टेंबरच्या पावसात तिथे पाणी कुठे साचतं ते आठवावं. सखल कोपरा कासवाच्या वाट्याला देऊ नये. आखाड्यावर वाडा बांधायचा असेल तर विहीर, शेततळं, बोअरचा हौद आणि फवारणीच्या औषधांची खोली यांपासून तो दूर असावा. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. हातभर पाण्याच्या हौदातही ते बुडून मरतं. सोयाबीन किंवा कापसावर मारलेल्या औषधाचे तुषार वाऱ्याने जिथे येतात, तिथलं गवत त्याच्या पोटात जाता कामा नये.

भिंत : आरपार दिसू नये, खालून निसटू नये

तारेची जाळी स्वस्त पडते म्हणून अनेक जण तीच लावतात, आणि पहिली चूक तिथेच होते. जाळीपलीकडचं हिरवं दिसलं की कासव दिवसभर त्या दिशेने रेटत राहतं. नाकाची, पुढच्या पायांची कातडी सोलून निघते, पाय जाळीत अडकतो आणि एक दिवस जाळीच वाकते. त्यामुळे कुंपण भरीव आणि आरपार न दिसणारं असावं. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, जमिनीवर अडीच फूट उंच भिंत चांगली. सिमेंटच्या तयार कंपाउंड पट्ट्या वापरल्या तरी चालतात, फक्त त्यांच्या सांध्यांमध्ये फट राहू देऊ नये. चार इंची भिंत चाळीस किलोंच्या रोजच्या धडकांपुढे टिकत नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचा तर विचारही नको. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींनी काय केलं, ते लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

खरी परीक्षा पायाची. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातला की दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला तडा जातो. तीच फट सल्काटाला पुरते, कारण उकरणं हा त्याचा स्वभाव आहे. साहेलमध्ये ही कासवं उन्हापासून वाचायला कित्येक फूट खोल बिळं करतात. पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत न्यावा. थर फार जाड असेल तर चर रुंद खणून त्यात मुरूम ठोकून भरावा आणि गवंड्याकडून सळई घातलेली काँक्रीटची पट्टी ओतून घ्यावी. भिंत जमिनीखाली निदान दोन फूट गेलीच पाहिजे.

त्यावर आणखी एक उपाय करावा. भिंतीच्या आतल्या बाजूने, चारही कडांना, दोन-अडीच फूट रुंदीच्या शहाबादी फरश्या आडव्या अंथराव्यात आणि वर अर्धा फूट माती टाकावी. कासव नेहमी भिंतीच्या कडेलाच उकरायला लागतं. नखांना फरशी लागली की ते जागा बदलतं. तुटक्या, डाग पडलेल्या फरश्या दुकानात कमी भावात मिळतात आणि या कामाला त्या पुरेशा होतात.

कोपऱ्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. कासव चढू शकत नाही, असा समज आहे. काटकोनी कोपऱ्यात ते एका भिंतीला पाठ टेकतं, दुसऱ्या भिंतीवर पंजे रोवतं आणि अंग वर उचलतं. बऱ्याचदा त्यातून ते मागे कोसळून पाठीवर पडतं. मे महिन्यात दुपारी पाठीवर पडलेलं मोठं कासव काही तासांत मरू शकतं. म्हणून कोपरे गोलसर घ्यावेत किंवा तिरकी फरशी लावून बुजवावेत. भिंतीच्या माथ्यावर आतल्या बाजूला चार इंच बाहेर आलेली फरशीची कड ठेवावी. भिंतीलगत दगड, कुंडी, विटांचा ढीग असं चढायला मदत करणारं काहीही नसावं.

फाटक

फाटक भरीव लोखंडी पत्र्याचं आणि आतल्या बाजूला उघडणारं असावं. कासव आतून रेटतं तेव्हा असं फाटक चौकटीवर अधिकच घट्ट बसतं. बाहेर उघडणारं फाटक मात्र सारा भार कडीवर टाकतं. खाली काँक्रीटचा उंबरा घ्यावा आणि फाटक व उंबऱ्यात बोटभरही जागा सोडू नये. कडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी असावी. घरात लहान मुलं असतील तर फाटक आपोआप मिटणारं ठेवावं, कारण बहुतेक कासवं भिंत फोडून नव्हे, उघड्या राहिलेल्या फाटकातून बाहेर पडतात.

बांधकाम संपल्यावर चुंबक फिरवून जमिनीतले खिळे, तारेचे तुकडे गोळा करावेत. काचा, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी हातांनी वेचाव्यात. कासव जमिनीवरचं वेगळं दिसणारं काहीही तोंडात घेऊन पाहतं आणि पिशवीचा तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.

ऊन, पाऊस, थंडी

सल्काटा वाळवंटाकाठचं आहे, त्यामुळे त्याला आपल्या उन्हाचं काही वाटत नाही, हा समज घातक आहे. वाळवंटाकाठी ते दुपारी उन्हात नसतंच, बिळात असतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावर असलेल्या लातूरच्या मानाने नांदेड खालच्या पातळीवर आहे आणि मे महिन्यात तिथे पारा बेचाळीसच्या पुढे सहज जातो. कासवाला घाम येत नाही. सावली, ओल आणि जमिनीखालचा गारवा, एवढीच त्याची साधनं.

कासवाने काळ्या मातीत स्वतः खोदलेलं बीळ पावसाळ्यात ढासळतं आणि ते आत गाडलं जाऊ शकतं. त्यामुळे बीळ माणसाने बांधून द्यावं. मोठ्या व्यासाचा सिमेंटचा पाइप उभा चिरून त्याचा अर्धगोल उंचवट्यावर पालथा घालावा. कासवाला आत वळता येईल एवढी रुंदी हवी. वरून आणि बाजूंनी दोन-तीन फूट मातीचा थर द्यावा, त्यावर हरळी लावावी. तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवावं, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. तोंडाजवळची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती असली की पावसाचं पाणी आत येत नाही.

रात्रीसाठी सहा बाय आठ फुटांची, वाड्यापेक्षा नऊ इंच उंच जोत्याची पक्की खोली असावी आणि आत जायला सौम्य उतार. नुसत्या पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात भट्टी पेटते. पत्र्यावर कडब्याचा जाड थर घालावा किंवा आतून लाकडी फळ्या लावून मध्ये हवा खेळेल अशी फट ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो. पंधराच्या खाली रात्र जाणार असेल तर कासव खोलीत बंद करावं आणि भिंतीला पक्का बसवलेला, ज्योत किंवा उघडी तार नसलेला हीटर लावावा. वायरी पाइपमधून, कासवाच्या उंचीच्या वर न्याव्यात. गवताच्या अंथरुणाजवळ लोंबता बल्ब ठेवला तर आगीचं निमित्त होतं. थंड आणि ओलं एकत्र आलं की कासवाला फुप्फुसाचा विकार जडतो. नाकातून पाणी, तोंड उघडं ठेवून श्वास, ही त्याची लक्षणं.

फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. अवकाळीचे ढग दिसले की कासवाला आत हाकलणं हे घरातल्या कुणा एकाचं ठरलेलं काम असावं.

पाणी, चारा आणि कुंपणातलं विष

पाण्यासाठी जमिनीच्या पातळीत बसवलेला तीन-चार फूट व्यासाचा उथळ खळगा करावा. मधली खोली चार इंचांहून जास्त नको, कडा उतरत्या, आणि तळाला फरशीची खरबरीत बाजू वर, म्हणजे पाय घसरत नाही. कासव पाण्यातच घाण करतं, त्यामुळे ते रोज बदलावं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात हे बदललेलं पाणी वाया न घालवता हरळीच्या वाफ्यात सोडावं. तोच वाफा पुढे चारा देतो.

चाऱ्याचा मोठा भाग गवताचाच असावा : हरळी, मारवेल, वाळलेलं गवत. त्याच्या जोडीला जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. पोळी, भात, दूध, फळांचा मारा किंवा कुत्र्याचं खाद्य देऊ नये. जास्त प्रथिनं आणि कोरडी हवा यांनी वाढत्या कासवाच्या पाठीवर कायमचे उंचवटे येतात आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा वाड्यात ठेवावा. कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे. कासवालाही ती घालू नये.

अंगणात शोभेला लावलेली कण्हेर वाड्याच्या आत किंवा पानं गळून आत पडतील इतक्या जवळ नसावी. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. धोतरा, एरंड, रुई, घाणेरी आणि गाजरगवत मुळासकट काढावं. सावलीसाठी जांभूळ, शेवगा, कडुनिंब लावावेत.

कुत्री आणि चोर

कासवाला सर्वांत मोठा धोका कुत्र्यांचा. मोकाट टोळी रात्रीत कासवाचे पाय आणि पाठीची कड चावून काढते, आणि घरातलं लाडकं कुत्रंही हाडूक समजून तेच करतं. अडीच फुटांची भिंत कासवाला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूने सहा फुटांचं वेगळं कुंपण असावं आणि रात्रीच्या खोलीला कुलूप. मुंगूस, बोका आणि कावळे लहान पिल्लांना मारतात. किलोभराच्या आतलं पिल्लू उघड्या वाड्यात सोडूच नये. त्याच्यासाठी वरूनही बंद असा, अर्धा इंची वेल्डमेशचा पिंजरा लागतो.

चोरीचा धोकाही खराच. नोव्हेंबर २०२०मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेतून अल्डाब्रा जातीचं एक कासव चोरीला गेलं. पहारा असलेल्या संस्थेत हे घडलं, तर घराच्या परसाचं काय सांगावं! पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घ्यावी, पाठीचे आणि पोटाकडच्या कवचाचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक कासवाच्या कवचावरच्या खुणा वेगळ्या असतात. घराचा पत्ता कळेल असे फोटो मोबाइलवर सगळीकडे पाठवू नयेत.

कासव बांधून ठेवायला कवचाला भोक पाडण्याची पद्धत क्रूर आहे. कवच म्हणजे जिवंत हाड असतं, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात. भोकातून जंतुसंसर्ग थेट शरीरात शिरतो.

कासव आणण्याआधी त्याला तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवावा. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि शेजारच्या परभणीत पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. वाड्याचं काम पुरं झाल्यावर एक पावसाळा तो रिकामा ठेवून पाहावा : पाणी कुठे साचतं, भिंत कुठे तडकते, बिळात ओल येते का. डागडुजी करून मगच कासव आणावं. आणि आपल्यानंतर त्याला कोण सांभाळणार, हे घरच्यांशी बोलून लिहून ठेवावं.

ज्यांच्या घरी आधीपासून स्टार कासव किंवा पाणकासव आहे, त्यांनी ते नदीत, माळावर किंवा मंदिराच्या तळ्यात सोडू नये. त्यातली बहुतेक कासवं मरतात आणि जगली तर जंगली कासवांना रोग देतात. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा आणि कासव वन विभागाच्या स्वाधीन करावं.